वकीलबाई परिषदेला निघतात तेव्हा

आमच्या घरात कुणी परगावी निघालं की बॅग भरायचं काम माझ्याकडे येतं. ह्यांचं ऑफिसचं प्रशिक्षण असो, भाऊजींची दुकानाची खरेदी असो, नाहीतर सासूबाईंची पंढरीची वारी असो. कुणाला कोणती गोळी लागते, कुणाला पांघरायला स्वतःचीच चादर हवी असते, सगळं मला पाठ आहे. पण गेल्या थंडीत जी बॅग भरायची होती ती माझ्या धाकट्या जावेची, आणि जायचं होतं नांदेडला, वकिलांच्या दोन दिवसांच्या परिषदेला. तेव्हा मात्र माझं डोकं चालेना. लग्नाला निघालेल्या बाईच्या बॅगेत काय काय घालायचं ते मी झोपेतसुद्धा सांगेन. परिषदेला निघालेल्या बाईच्या बॅगेत काय घालतात हो?

मैत्रिणींनो, म्हणूनच हे लिहायला बसले. लातूरला काय, नांदेडला काय, कायद्याच्या कॉलेजात आता मुली पुष्कळ दिसतात. तुमच्यापैकी कुणाची सून, कुणाची नणंद, कुणाची लेक वकील झालेली असेल. उद्या तुमच्या घरातही हा प्रसंग येईल, तेव्हा आमच्या चुका तुमच्या उपयोगी पडाव्यात.

धाकटीची हकिकत थोडक्यात सांगते. लग्नाआधी ती एलएल. बी. झाली, बार कौन्सिलची सनद मिळाली, ऑल इंडिया बारची परीक्षाही पास झाली. वर्षभर लातूरच्या कोर्टात एका वकीलबाईंच्या हाताखाली काम केलं. मग लग्न, मग बाळंतपण, मग सासऱ्यांचं दुखणं. बघता बघता आठ वर्षं झाली. सनद माझ्याच कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली ठेवलेली होती. दर दिवाळीला डबा काढताना ती वर यायची, आणि आम्ही दोघीही एकमेकींकडे न बघता ती परत खाली सरकवायचो.

तिच्या त्या जुन्या वकीलबाईंचा फोन आला. "अगं, नांदेडला ये. नव्या कायद्यांवर सगळी चर्चा आहे. आम्हीसुद्धा पुन्हा पाटी-पेन्सिल घेऊन बसलोय."

सासूबाई म्हणाल्या, "वकिली तर करत नाही, मग परिषद कशाला?" प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. भाऊजी म्हणाले, "जायला हरकत नाही, पण पोराचं काय?" तेव्हा सासरेच मध्ये पडले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हापासून आपल्याकडच्या माणसाला हायकोर्ट म्हणजे मुंबई. आजेसासऱ्यांचा जमिनीचा दावा तिथपर्यंत गेला होता, आणि सासरे तरुणपणी दशम्यांचं गाठोडं नि उर्दूतले जुने कागद घेऊन रेल्वेनं मुंबईच्या खेपा घालायचे. २७ ऑगस्ट १९८१ ला औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, खंडपीठ सुरू झालं तेव्हा कुठं ते थांबलं. "मी कोर्टापायी मुंबई केली," ते म्हणाले, "ही नांदेडला जाईना?" सासूबाईंनी एकच अट घातली, थोरलीनं सोबत जायचं. थोरली म्हणजे मी. दुसऱ्या शनिवारी शाळेला सुट्टी होती, आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाईला रजेचा अर्ज तरी कुणाकडे द्यायचा?

आता तयारीचं. पहिला प्रश्न कोटाचा. आठ वर्षं ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर पडलेला काळा कोट बाहेर काढला तर वास असा की मांजरही खोलीत येईना. तो दोन दिवस सावलीत वाऱ्यावर टांगला. उन्हात टाकू नका, काळा रंग विटतो. मग ओल्या फडक्यानं पुसून, वर दुसरं ओलं सुती फडकं ठेवून इस्त्री फिरवली. तशीच इस्त्री केली तर कोपरावर चकाकी येते. अंगात बसेना, म्हणून बगलेखालची शिवण उसवून शिल्लक कापड सोडलं. पांढऱ्या बँडला साबुदाण्याची पातळ खळ दिली. इतकं सगळं केल्यावर धाकटीनं आयोजकांना फोन केला तर कळलं, कोट फक्त उद्घाटनाच्या वेळी, पुढं साधी साडी किंवा सलवार-कुडता चालेल. तेव्हा आधी फोन करा, मग शिवण उसवा. तरीही माझं म्हणणं, कोट न्यावाच. तो अंगात चढवून ती आरशासमोर उभी राहिली तेव्हा तिची मान कशी ताठ झाली ते मी पाहिलं आहे.

दुसरी गोष्ट कागदांची, आणि ही कोटापेक्षा मोठी. धाकटीची सनद माहेरच्या नावानं, आधार कार्ड सासरच्या नावानं, पैसे भरले भाऊजींच्या मोबाईलवरून. नोंदणीच्या टेबलावर पोरगा यादीत नाव शोधतो आहे, आणि नाव काही सापडत नाही. शेवटी त्यानं आम्हा दोघींकडे बघून विचारलं, "साहेब कुठं आहेत?" धाकटी लाल झाली. मी म्हणाले, "साहेब ह्याच." पण तिचा बिल्ला तयार व्हायला पाऊण तास गेला, आणि तोही भाऊजींचं नाव लावूनच आला. तेव्हा बायांनो, नोंदणी करताना सनदेवर जे नाव आहे तेच द्या. सनदेची, आधारची आणि लग्नाच्या दाखल्याची झेरॉक्स आणि पैसे भरल्याची पावती कागदावर छापून एका प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा. मोबाईलवर आहे म्हणू नका. त्या गर्दीत रेंज असेलच असं नाही. आणि सनदेवरचं नाव बदलायचं असेल तर बार कौन्सिलकडे रीतसर अर्ज करावा लागतो, तो वेळेवर करावा. आमच्या धाकटीनं बदलायचं नाही असं ठरवलं आहे. ते का, हे मी तिला विचारलेलं नाही.

लातूरहून नांदेडला आम्ही एस.टी.नं गेलो. अहमदपूर, लोहा करत साडेतीन-चार तास लागतात. मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.चं तिकीट अर्धं आहे, त्यामुळे दोघींचा प्रवास एकीच्या पैशात झाला. बरोबर धपाटे, शेंगांची चटणी आणि पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या. पाणी बरोबर घे म्हणून लातूरकराला सांगावं लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं ते आम्ही विसरलेलो नाही. आदल्या दिवशी संध्याकाळीच पोहोचा. सकाळच्या पहिल्या गाडीनं जाऊ म्हणणाऱ्या बायका उद्घाटन संपल्यावर, घामेजलेल्या, मागच्या दारानं आत येताना मी पाहिल्या.

मुक्कामाचं आधी विचारून ठेवा. नांदेड हे गुरुद्वाराचं गाव. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ मध्ये इथंच देह ठेवला, त्यामुळे दसरा-दिवाळी आणि होळीच्या सुमाराला तर गावात खोली मिळणं मुश्कील. इतर वेळी मिळते, पण दोघी बायका रात्री सामान घेऊन लॉजा शोधत फिरणं काही खरं नाही. आयोजकांनी महिला वकिलांची वेगळी सोय केली आहे का, ती सभागृहापासून किती लांब आहे, हे फोनवरच विचारावं. रात्री आम्ही हुजूर साहिबला जाऊन आलो. डोक्यावर घ्यायला ओढणी नाहीतर मोठा रुमाल बॅगेत असू द्या. लंगरमध्ये पंगतीला बसून गरम डाळ-पोळी जेवलो. धाकटीनं तिथं माझ्याशी पहिल्यांदा मोकळेपणानं बोलून टाकलं, "अक्का, मला भीती वाटते. हे सगळे रोज कोर्टात उभे राहणारे. मी आठ वर्षांत एक अर्ज लिहिला नाही. कुणी काही विचारलं तर?"

मी काय सांगणार? मी आपली बी.ए. मराठी. म्हणाले, "कुणी विचारलं तर ऐकून घे."

उद्घाटनाबद्दल माझं मत कडक आहे. पत्रिकेवर साडेनऊ लिहिलं होतं, दीपप्रज्वलन झालं साडेअकराला. मग शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, पुन्हा शाल. सत्कार झालेल्यांनी पुन्हा सत्कार करणाऱ्यांचा सत्कार केला. वकील मंडळी वेळेची नोटीस दुसऱ्यांना देतात, स्वतःला नाही. तेव्हा नाश्ता पोटभर करून जा. आत शिरल्या शिरल्या बायकांचं स्वच्छतागृह कुठं आहे आणि किल्ली कुणाकडे आहे ते बघून ठेवा; आम्हाला किल्लीवाला शोधायला चहाची सुट्टी पुरली नाही. आणि एक, फुकट मिळणाऱ्या पिशवीच्या रांगेत उभ्या राहू नका. संध्याकाळी पिशव्या उरतात.

बसायचं कुठं? आम्ही दोघी शाळकरी पोरींसारख्या अगदी मागे, भिंतीला टेकून बसलो. ही पहिल्या दिवसाची सर्वांत मोठी चूक. मागे बसलं की भाषणापेक्षा शेजारच्यांच्या गप्पा जास्त ऐकू येतात. आणि दुसरी चूक फोनची. पहिल्या सत्रात घरून पाच फोन. हिंग कुठं आहे? पोराचा निळा स्वेटर कुठं आहे? गॅसवाल्याला किती द्यायचे? दर फोनला धाकटी वाकून, पदर सावरत बाहेर. पाचव्या फोननंतर आत आली तेव्हा सत्र संपून टाळ्या वाजत होत्या. ती माझ्या शेजारी बसली आणि हातातली कोरी वही मिटून म्हणाली, "अक्का, आपण संध्याकाळच्या गाडीनं परत जाऊ."

खरं सांगते, मला त्या क्षणी भाऊजींचा नाही, स्वतःचा राग आला. दोन दिवसांची भाजी चिरून ठेवली, पिठाचा डबा भरला, पण 'ही कामाला चालली आहे, सहलीला नाही' हे घरात कुणाला नीट सांगितलं नव्हतं. भाऊजी खरेदीला जातात तेव्हा हिंगासाठी कुणी त्यांना फोन करतं का? मी व्हरांड्यात जाऊन घरी फोन लावला. म्हणाले, फोन आता फक्त दीड वाजता आणि रात्री आठला, आणि तोही आम्ही करू. हिंग सापडलं नाही तर बिनहिंगाचं वरण खा. सासूबाई फोनवर थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हिंग सापडलं. ते मिठाच्या मागं होतं."

दुपारच्या सत्राला आम्ही पुढून तिसऱ्या ओळीत, कडेच्या खुर्च्यांवर बसलो. विषय होता १ जुलै २०२४ पासून लागू झालेले तीन नवे कायदे: भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, आणि १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. आणि तिथं मला एक गंमत दिसली. चाळीस-चाळीस वर्षं वकिली केलेले, केस पांढरे झालेले वकील मांडीवर कलमांचे तक्ते घेऊन बसले होते! खुनाचं ३०२ आता १०३ झालं. फसवणुकीचं ४२०, ज्याच्यावरून आपण सगळे 'चारशेवीस' म्हणतो, ते ३१८ मध्ये गेलं. सासरच्या छळाचं ४९८-अ आता ८५ आणि ८६. बायकोच्या पोटगीचं १२५ आता नागरिक सुरक्षा संहितेत १४४. जुन्या दंड संहितेत ५११ कलमं होती, नव्यात ३५८. एक ज्येष्ठ वकील बोलताना तीनदा "तीनशे दोन" म्हणाले आणि तीनदा जीभ चावली. सगळं सभागृह हसलं.

धाकटी हसली नाही. ती लिहीत होती. मी तिच्या वहीत डोकावले. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे जुनं कलम, उजवीकडे नवं, आणि खाली तिच्या ओळखीतल्या कुठल्या प्रकरणात ते लागेल त्याची खूण. ही पद्धत मी माझ्या दहावीच्या मुलींनाही आता शिकवते. जुनी कलमं तिला पाठ होती, कारण ती विसरायला तिला दुसरं काही शिकायलाच मिळालं नव्हतं. आणि नवी कलमं कुणालाच पाठ नव्हती. आठ वर्षांचं अंतर होतं, पण त्या दुपारी ते बरंच कमी दिसत होतं.

घरातल्या बाईलाही उपयोगी अशा दोन गोष्टी तिथं कळल्या, त्या सांगते. गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्याच्या हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर दुसऱ्या ठाण्यातही देता येते, 'आमच्या हद्दीत नाही' म्हणून परत पाठवता येत नाही; नव्या संहितेच्या कलम १७३ मध्ये हे आता स्पष्ट लिहिलं आहे. इलेक्ट्रॉनिक पद्धतीनंही खबर देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. आणि दुसरी गोष्ट फुकट वकिलाची. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळू शकते, आणि त्यासाठी तिच्या उत्पन्नाची मर्यादा आड येत नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. १५१०० हा त्यांचा फोन क्रमांक. हे मला बी.ए. होऊनही ठाऊक नव्हतं. आमच्या कामवाल्या मावशींना तर कुठून असणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रश्नोत्तरं होती. प्रश्न विचारायचा असेल तर तो रात्रीच कागदावर लिहून ठेवा, तीन ओळींपेक्षा मोठा नको, आणि आधी आपलं नाव आणि गाव सांगा. काही मंडळी प्रश्नाच्या नावाखाली भाषणच करतात, आणि बिचाऱ्या खऱ्या प्रश्नांना वेळ उरत नाही. धाकटीनं लॉजवर रात्री प्रश्न चारदा लिहिला, चारदा खोडला. सकाळी माइक फिरत आमच्या ओळीशी आला, तर तिनं हात वर केलाच नाही. माइक पुढं गेला. मी कोपर मारलं. ती तशीच. माइक दोन ओळी पुढं गेल्यावर ती एकदम उभी राहिली आणि माइकशिवायच, जरा चिरक्या आवाजात बोलली.

प्रश्न असा होता: गुन्हा ज्या तारखेला घडला त्या तारखेचा कायदा लागतो, हे कळलं. जूनमधल्या गुन्ह्याची फिर्याद जुलैत दिली तरी कलम जुनंच लागणार. पण बाईचा छळ काही एका तारखेला घडत नाही. तो जुलैच्या आधी सुरू झाला आणि जुलैनंतरही चालूच राहिला, तर दोषारोपात कलम कुठलं घालायचं?

मंचावरचे वक्ते थांबले. मग म्हणाले, बाईंचा प्रश्न चांगला आहे, याचं उत्तर एका वाक्यात देणार नाही. कोणती घटना कोणत्या तारखेची ते फिर्यादीत वेगवेगळं आलं पाहिजे. आधीचा भाग जुन्या कलमाखाली, नंतरचा नव्याखाली, असं मांडावं लागेल. त्यावर दुसऱ्या ओळीतून एक जण उठले, तिसऱ्या ओळीतून आणखी एक. दहा मिनिटं तोच वाद. धाकटी उभीच होती, तिला बसायचं भान नव्हतं. मी पदर ओढून बसवलं.

जेवणाच्या रांगेत तिच्याशी बोलायला चौघी-पाच जणी आल्या. एक परभणीच्या, एक उदगीरच्या, एक तर आमच्याच गल्लीच्या मागं राहणाऱ्या निघाल्या! म्हणून सांगते, जेवायला ओळखीच्या बाईबरोबर उभ्या राहू नका. मी मुद्दाम बाजूला झाले. नावाची कार्डं मात्र छापून घ्यायची राहून गेली, ती चूक तुम्ही करू नका. धाकटीनं धपाट्यांच्या डब्यातल्या कागदाचे तुकडे करून फोन नंबर लिहून दिले, त्या कागदांना तेल लागलेलं. उदगीरच्या बाईंनी तिला सांगितलं, विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर वकील घेतात, सुरुवात करायला ते बरं असतं, जाहिरात निघाली की अर्ज कर. जाता जाता त्या म्हणाल्या, आपल्या नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली ती १८९२ मध्ये, आणि इथं बायकांना वकिली करता येईल असा कायदा व्हायला १९२३ साल उजाडलं. "तुझी आठच वर्षं गेली," असं म्हणून त्या गुलाबजाम घ्यायला निघून गेल्या.

परतीच्या गाडीत अहमदपूरला चहासाठी उतरलो. धाकटी म्हणाली, सोमवारी कोर्टात जाऊन जुन्या बाईंना भेटते. रोज अकरा ते दोन, पोराची शाळा सुटेपर्यंत. घरी तिनं हे स्वतः सांगितलं, मी मध्ये बोलले नाही. सासूबाईंनी लगेच 'हो' म्हटलं नाही. दोन दिवस घरात जरा गप्पगप्पच होतं. तिसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "त्या कोटाला परत गोळ्या घालू नको, वास येतो. दाराच्या मागं खिळा ठोकून घे." खिळा भाऊजींनीच ठोकला, जरा वाकडा गेला आहे.

पुढची परिषद कुठं होणार ते अजून ठरलेलं नाही. बॅगेची यादी मात्र मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवली आहे. तिच्यात शेवटी लाल शाईनं लिहिलं आहे: नावाची कार्डं शंभर, आणि धपाटे सहा जास्त. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मागणाऱ्या भेटतात.